सतरावा सेल

टॉडमॉर्डनला, कालव्याकाठच्या शेडमध्ये
दुधाची जुनी गाडी उभी आहे, पोट उघडं टाकून.
शिशाच्या बॅटऱ्या उचलल्या तर खाली
आम्लानं पत्रा खाऊन पाडलेलं भोक.
डेझमंड ॲक्रॉइड त्यातून फरशी बघत म्हणाला,
तरीच एकतीस वर्षं पहाटे पाय गार पडायचे.

लिथियमचे चोवीस सेल आणलेत. निळे, विटेएवढे, मुके.
एकेकाला मीटर लावून मी आकडे लिहिते,
मनात मराठीत म्हणत. आकड्यांपुरतं
माझं अजून तेच घर आहे.
तीन एकोणतीस. तीन एकोणतीस. तीन अठ्ठावीस.
सतरावा : तीन दहा.

बांगडी काढली, घड्याळ काढलं.
एक हात खिशात, हा डेझमंडचा नियम.
वीज एका हातातून शिरून दुसऱ्यातून निघाली
तर वाटेत काळीज लागतं.

आधी सगळे पॅरललमध्ये, धन धनाला, ऋण ऋणाला.
मी त्याला पंगत समजावून सांगितली :
शेवटच्याचं होईपर्यंत कुणी पानावरून उठायचं नाही.
आणि सिरीज?
सिरीज म्हणजे हात धरून चढ चढायचा.
एकाला धाप लागली की सगळे थांबले.
तो बराच वेळ पाना पुसत राहिला.

रात्री पारा शून्याखाली उतरला.
गारठलेल्या सेलला भरवायचं नसतं,
आत धातूचा थर धरतो, तो परत विरघळत नाही.
मी चार्जर बंद केला.
डेझमंड घरी जाऊन क्रोशाची रजई घेऊन आला,
एनिडच्या पायांवर असायची ती.
नीट खोचून घातली, कडेकडेनं,
जणू सवय मोडली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सगळे तीन पासष्टला आले, सतरावासुद्धा.
तांब्याच्या पट्ट्या, अठ्ठेचाळीस नट. त्याचा हात थरथरतो,
म्हणून पाना मी धरला, 'टक्' ऐकायचं काम त्याचं.
ऐकू त्याला अजून चांगलं येतं.
लायसन्स मात्र जुलैतच परत केलंय, डोळ्यांपायी.

तर गाडी मी चालवली.
आवाज नाही, फक्त मागे रिकाम्या बाटल्यांची किणकिण.
चर्चमागच्या चढावर, अर्ध्यात,
पडद्यावर सतरा नंबर लाल झाला.
ब्रेक लावला.
डेझमंड उतरला, खाली बघितलं दरीकडे,
धुराड्यांकडे, आपल्या जुन्या गिऱ्हाइकांच्या दारांकडे.
बसू दे जरा त्याला, म्हणाला,
आणि दोन्ही हात खिशात घातले.