चाप सैल

गावाचं नाव लडलो.
आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, कुणाशी?

मंगळवारी आणि शुक्रवारी
मी प्रॉथरोंच्या पायाची पट्टी बदलते.
घोट्यावरची जखम, जुनी, भरत नाही.
पट्टी सोडताना ते भिंतीकडे बघतात.
भिंतीवर बंदुका:
चकमकीच्या, ठासणीच्या,
एक पितळी, कर्ण्यासारखं तोंड पसरलेली,
टपालगाडीच्या रखवालदाराची.
"हिनं आयुष्यात एक मेंढी मारली," ते सांगतात,
"तीही चुकून."

ते इंग्रजीत एकेक भाग दाखवत जातात
आणि माझ्या तोंडून निघतं: घोडा, गज, रंजक.
हे शब्द मला येतात हे मलाच ठाऊक नव्हतं.
(रंजक म्हणजे कानात घालायची दारू.
शाळेत मला वाटायचं, मनोरंजकचा उरलेला तुकडा.)

सगळ्यात खाली, जळणाच्या टोपलीमागे,
तोड्याची बंदूक. शिसवी दस्ता, नळी माझ्या खांद्याएवढी.
चिठ्ठीवर: दख्खन. किल्ल्याच्या वेढ्यात हस्तगत.
आणि दस्त्याच्या पोटाला
खिळ्यानं ओरखडलेली एक ओळ.
"एकतीस वर्षं झाली. वाचणारं कुणी आलं नाही.
तुमचीच ना लिपी?"

मोडी. माझी, आणि मला न येणारी.
फोटो काढून कऱ्हाडला धाडला,
मामाच्या ओळखीच्या निवृत्त तलाठ्यांना.
तीन दिवस मी मनात माणसं रचली:
बुरुजावर पडलेला कुणी,
त्याचं नाव, बापाचं नाव,
निदान गावाचं.

उत्तर आलं रात्री, खाली नमस्काराचे दोन हात:
चाप सैल. दुरुस्तीस देणे.

शुक्रवारी सांगितलं.
प्रॉथरो इतके हसले की पाय स्टुलावरून घसरला.
मग गप्प झाले. पेन्सिल मागितली.
वेढा खोडला. किल्ला खोडला.
दख्खन राहू दिलं.
"मग? झाली का दुरुस्त?"

निळ्या हातमोज्यातलं बोट मी चापापाशी नेलं.
दाबलं असतं तर कळलं असतं.
चुलीत एक लाकूड तडकलं
आणि आम्ही दोघंही दचकलो.
"असू दे," ते म्हणाले.

मी पाय परत मांडीवर घेतला,
पट्टी पहिल्यापासून गुंडाळायला लागले,
फार घट्ट नको,
फार सैलही नको.