पापणी

क्लीथॉर्प्सला माझं चष्म्याचं दुकान.
मंगळवारी साडेअकरा, विनिफ्रेड ॲस्क्यू, वय एक्क्याऐंशी.
बाईंनी छत्री दारातच झटकली.

नावावरून नाही, हनुवटीवरून ओळखलं.
त्या जुन्या मालिकेत ती एका ग्रहाची राणी होती,
तीन भागांपुरती.
ग्रह म्हणजे डॉर्सेटमधली दगडाची खाण,
मुकुट म्हणजे, नीट पाहिलं तर, पुडिंगचा साचा.
तिसऱ्या भागाच्या शेवटी तिला मारलं:
हिरवा झोत, किंकाळी, पायरीवर आडवी,
आणि मेल्यावर
तिची डावी पापणी हलली.

रात्री दहाला स्टुडिओचे दिवे जायचे म्हणे.
पुन्हा मरायला वेळ नव्हता.
राहिली तशीच.

नायक बदलत गेले, खलनायक तर पैशाला पासरी,
कोणाचं काय लक्षात आहे?
पण लेस्टरच्या घरी, गालिच्यावर पालथे पडून,
मी आणि भाऊ कॅसेट मागेपुढे करत
तेवढंच बघायचो.
मेली. नाही मेली. बघ, बघ!

हे बाईंना सांगणार नव्हतो.
थेंब घालायचे होते. म्हटलं, मान मागे घ्या,
वर बघा, पापणी हलवू नका.

पहिला थेंब गालावरून कॉलरमध्ये गेला.
दुसरा चष्म्याच्या दोरीवर.
तिसऱ्याला त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले,
डोळा सताड उघडा, छताकडे,
मी मनात वीस मोजले, पंचवीस,

आणि ओठ जेमतेम हलवत त्यांनी विचारलं,
"या वेळी नीट मेले का?"