अनोळखी

नारीनमध्ये उणे अठ्ठावीस.
तोलोगोन मिस्त्रीला म्हटलं,
कुठल्या कंपनीची घेऊ?
नव्याचे नऊ दिवस नकोत,
दहावा सांग.

बोटांचं ऑइल पुसत त्यानं वही उघडली.
ही निळी, हिच्या मालकाच्या
तिन्ही मुलींची नावं मला पाठ.
ही पांढरी,
हिच्या मालकाच्या सासूचं
ऑपरेशनसुद्धा मला ठाऊक.
असल्या घेऊ नकोस.

मग खिडकीबाहेर बघत राहिला.
डोलोन खिंडीतून रोज एक करडी उतरते.
चौदा वर्षं झाली.
चालवतं कोण, कुणास ठाऊक.
तसली बघ.

तसलीच घेतली.
आता त्याच्या दारावरून जाताना
मी हॉर्न देते,
तो हात करतो,
परक्या माणसाला करावा तसा.