नो शटडाउन

इंदोऱ्याच्या अभ्यासिकेत, मे महिन्यात, रात्री साडेदहाला
मी टेबलावर टेबल ठेवून चढलो,
छताजवळच्या पांढऱ्या डबीत निळी केबल खोचली
आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन फरशीवर बसलो.
भोवती चोवीस पोरंपोरी : तलाठी, वनरक्षक, पीएसआय.
कूलरची घरघर, ओल्या वाळ्याचा वास,
आणि दर पाच मिनिटांनी रहांगडाले मॅडम :
"लागून राहिलं का जी?"

डबीचं वेबपान उघडतच नव्हतं.
मग हेच उरतं, काळी खिडकी
आणि उघडझाप करणारी एक रेघ.
ती सुचवत नाही, बटणं दाखवत नाही,
चुकलं तर चुकल्या अक्षराखाली
एक छोटीशी टोपी ठेवते, बस.
माझे मामा असेच होते,
अजनीच्या यार्डात पॉइंट्समन.
विचारलं तेवढंच सांगायचे.

मी म्हटलं, दाखव.
रेडिओ शून्य, रेडिओ एक. दोन्ही बंद.
बिघाड नाही. प्रशासकीयदृष्ट्या बंद.
म्हणजे कुणीतरी ठरवून.
हे वाक्य मी माणसांकडूनही ऐकलंय,
टेबलापलीकडून, वर न बघता.

त्याखाली वर्णनाची ओळ,
जिथं सहसा कुणी काही लिहीत नाही.
तिथं रोमन अक्षरांत मराठी :
कूलरच्या मागं सिग्नल मरते. पोरी तिथंच बसतात. डबी सरकवा. बांते.

बांते कोण?
"होता एक," मॅडम म्हणाल्या. "चहा नाही घ्यायचा. पाणी मागे."

मी वळून पाहिलं. पत्र्याच्या त्या धुडामागं
भिंतीला टेकून चार मुली,
एकीचा मोबाइल हवेत, हात अवघडलेला.
पुन्हा टेबलावर टेबल.
डबी चार हात सरकवली.

सहा नंबरचा चॅनल शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं भरलेला,
म्हणून अकरा. मग नाव, मग पासवर्ड,
त्यावरून पोरांचं भांडण, तेही झालं.
उरलं सुरू करणं.

या भाषेत 'सुरू कर' असा शब्दच नाही.
'बंद कर' आहे,
आणि त्याच्याआधी लावायला एक 'नाही'.
उघडायचं तर बंद करण्याला नकार द्यायचा,
दुसरी वाट तिला ठाऊक नाही.
मी नकार दोनदा टाइप केला,
दोन्ही रेडिओंना वेगवेगळा.

हिरवा दिवा लागला. पोरं ओरडली.
आणि लाइन गेली.

कूलर थांबल्यावर पहिल्यांदा ऐकू आलं,
अंधारात कुणीतरी कलम सोळा
पुटपुटत होतं. थांबलं नाही.

लाइन आली तेव्हा डबी सगळं विसरलेली.
लक्षात ठेव, हे सांगायचं माझ्याकडून राहिलं होतं,
आणि सांगितल्याशिवाय ती ठेवत नाही.
बांतेची ओळ मात्र जागच्या जागी.
त्यानं सांगितलं होतं.

पुन्हा पहिल्यापासून.
या खेपेला दर ओळीमागं, ठेव. ठेव. ठेव.
वर्णनाला जागा एकाच ओळीची,
त्याची पुसवेना, म्हणून तिलाच जोडलं :
सरकवली. आता कूलर हलवू नका.

अकरा चाळीस. बारापर्यंत फॉर्म घेतात.
कूलरमागून आवाज आला, "निघालं, चलान निघालं!"
मॅडमनी विचारलं, चहा मांडू का.
मी पाणी मागितलं.