डिसमिस

हरिपूर रोडला, आमच्या आणि भूपालदादाच्या
मधल्या कंपाउंडच्या खांबावर
एक दिवा. दिवा कसला, बीडाचं खोकं.
काच एकोणीसच्या पुरात गेली,
आत नदीचा गाळ, वाळून फुटाण्याच्या सालीसारखा,
आणि पालीची दोन रिकामी अंडी.

नवा दिवा आणून आठ दिवस झाले,
तो पिशवीतच बसून आहे.
आधी हे चार स्क्रू.

चारही दादानं पिळलेले.
त्याच्या हाताला कुठं थांबायचं ते कधी कळलंच नाही.
लोणच्याच्या बरणीचं झाकण तो लावायचा
आणि मग चार दिवस घरात लोणचं नसायचं.

गणपती पेठेत दस्तगीरच्या दुकानात गेले.
म्हटलं, रॉकेल.
तो हसला. "रेशनचं बंद होऊन जमाना झाला, ताई.
हा फवारा न्या. आणि हा डिसमिस.
चांगला आहे, घसरत नाही."

डिसमिस.
हा शब्द याआधी ऐकला तो न्यायाधीशबाईंच्या तोंडून,
वाटणीच्या दाव्यात, पावणेबारा वाजता.
बाहेर येऊन आम्ही दोघं एकाच गाड्यावर
वेगवेगळा चहा प्यालो.
तेव्हापासून खांबाच्या अलीकडं मी, पलीकडं तो.

पहिला स्क्रू निघाला. त्याचं त्यालाच नवल वाटलं असावं.
दुसऱ्याचं डोकं तुटून हातात आलं, धड आत.
तिसरा कुरकुरत, पाव पाव आट्यानं,
बाहेर आला तो एक काडी घेऊन.
भोक मोठं पडलं असणार, आणि दादानं
आगपेटीतली काडी कोंबून वर स्क्रू पिळला असणार.
गुल शाबूत.
त्याच वर्षी त्यानं आईसमोर विडी सोडली होती,
पद्मावतीची शपथ घेऊन.
काडी मी खिशात टाकली. गाऊनला खिसा आहे.

चौथा.
फवारा मारला. थांबले.
हातोडीनं टकटक केलं, डॉक्टर पाठीवर करतात तसं.
खाच झिजून नुसती वाटी झालेली,
मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा धरला
आणि सगळा जीव मनगटात आणला.
न घसरणारा डिसमिस घसरला, अंगठा सोलला.
मी जे बोलले ते इथं लिहीत नाही.

पलीकडं खुर्ची सरकली.
बराच वेळ काही नाही. पाण्याची मोटर. कुणाचा तरी कुकर.
मग भिंतीवरनं, माणूस न दिसता:
"आधी आवळ."

सहा वर्षांत दोन शब्द.

"आवळ म्हणजे?"
"आवळ म्हणजे आवळ. केसभर. गंज मोडतो. मग सोडव."

आवळला. आतून बारीक कट्‌ आलं,
बोट मोडल्यासारखं.
सोडवायला गेले तर पुन्हा तिथंच.
दिवा आता त्या एकावर लोंबतोय,
बोटानं ढकलला की अर्धा गोल फिरतो,
त्यांच्या बाजूला जातो, आमच्या बाजूला येतो,
पडत मात्र नाही.

अंधार पडताना भिंतीवर एक बाटली दिसली.
खोकल्याच्या औषधाची, अर्धं लेबल,
आत दोन बोटं निळं रॉकेल.
कधीपासून जपलं होतं, कशासाठी, कोण जाणे.
झाकण उघडायला मला पक्कड लागली.

कापसाचा बोळा भिजवून चौथ्याच्या डोक्यावर बसवलाय.
रात्रभर मुरू दे.
वास दोन्ही घरांत जात असणार,
आज कुणीच खिडकी लावली नाही. उकडतंय, म्हणून.

सकाळी बाटली भिंतीवर परत ठेवायची आहे.
झाकण मी केसभर सैल ठेवलंय.