संकष्टीला गोत्री रोडवर

दुपारचा दीड. चव्वेचाळीस डिग्री.
दांडिया बजारातून निघताना
निरूनं स्कूटरच्या सीटवर ओला नॅपकिन अंथरला.
गोत्री रोड येईतो त्याचा पापड झाला.

बँकेच्या वर, दुसरा मजला, लिफ्ट बंद.
पाटीवर त्यांची अक्षरं :
विटी, दांडू आणि गल,
कुणीतरी डाव मांडून जेवायला गेल्यासारखी.
खाली गुजरातीत, जैन पण मळशे.

"तुझी आज संकष्टी ना गं?"
"म्हणून तर. मी चौकशी केलीये,
कुट्टूचं पीठ असतं, आणि रताळ्याचं सत्त्व.
दोन्ही उपासाला चालतं."
गणपतीनं कधी चौकशी केली असेल का याची,
हे मी विचारलं नाही.
सत्तावन्न वर्षांच्या बाईशी
देवावरून वाद घालू नये,
उन्हात तर नाहीच.

स्टीलचे वाडगे आले, बाहेरून घामेजलेले.
आत बर्फाचा चुरा, करडं पाणी,
आणि करड्या शेवयांची गुंडाळी,
जणू कुणी बाई अंबाडा न सोडताच
न्हायला बसलीये.

निरूनं काड्या धरल्या, भोवरा धरावा तशा.
आधी अर्धं अंडं माझ्या वाडग्यात.
मग मुळ्याच्या चकत्या, मोजून सहा.
मोहरीची बाटली लांब सरकवली.
काकडी राहिली. पेअरही राहिलं, फळच ते.
"आणि या आंबट पाण्याचं काय?"
"पाणी ते पाणी."

मी मोहरी पिळली, जरा जास्तच.
नाकातून थेट टाळूत गेली
आणि तिथे आमचा मे महिना निघाला :
आई लोणच्याची मोहरी फेसतेय,
परातीशी आम्ही दोघी, फ्रॉकमध्ये,
शिंका मोजतोय. निरूच्या नेहमी जास्त.

इम्फाळची मुलगी कात्री घेऊन आली.
खरी कात्री, शिंप्याकडे असते तशी.
"आंटी, काट दूँ?"
माझ्या शेवयांचे चार तुकडे झाले,
माझं काम सोपं झालं.
निरूनं मात्र वाडग्यावर हात आडवा धरला
जसा पंक्तीत वाढप्यापुढे धरतात.
"नको. राजस सांगत होता,
लांब शेवई म्हणजे लांब आयुष्य."

राजस चांगवॉनला, दोन वर्षं झाली.
त्याच्या एका फोटोत हाच वाडगा होता.
तिनं तो बोटांनी इतका मोठा केला
की शेवटी स्क्रीनभर फक्त पिवळा बलक.

मान खाली, ओठ घट्ट,
दात लावायचा नाही.
एक शेवई संपता संपेना.
चष्म्यावर थेंब, ओढणीवर थेंब,
श्वास फक्त नाकानं.
शेजारच्या टेबलावरचा दंडवाला पोरगा
खाणं सोडून बघत राहिला.
मी पंख्याकडे पाहिलं.
पंखा फिरत होता.

मग तिनं फोन लावला. तिथे पाच वाजले असणार.
स्पीकर चालू, सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल असा.
"ते? अगं आई, एकदाच खाल्लं मी.
दात ठणकले दोन दिवस.
खिचडी लावतो रोज. कुकर दिलायस ना तू."

निरूनं वाडगा दोन्ही हातांनी उचलला,
पाणी संपवलं,
तळाचा बर्फ कडाकडा फोडला.
"शिट्टी बदल म्हणावं त्याची," ती मला म्हणाली,
फोन अजून चालू होता.

जिन्यात पुन्हा भट्टी.
नॅपकिन स्कूटरवरून उडून गेलेला,
म्हणून बसताना दोघी हाय हाय करत.
चंद्रोदय दहा वाजून तीन मिनिटांनी,
म्हणजे तिला अजून आठ तास.

सूरसागरच्या सिग्नलला थांबलो तेव्हा
मागे न वळता म्हणाली,
"रविवारी येऊ परत.
चतुर्थी नसेल. माझं अंडं
मी खाणार."