प्रश्न तिसरा, पाच ओळी

शाळेमागे भवानी पेठेतली लाकडाची वखार.
करवत थांबली की मी वाचायचे.
धड्यातला काळा मुलगा, कुठल्या दूरच्या देशातला;
दुकानदार त्याला सुटे पैसे हातात देत नाही,
फळीवर टाकतो.

"बाई, हात चिकट होते का त्याचे?" रेवती गुजर.
वर्ग हसला. मीही, जरा.
मग करवत सुरू झाली, तास संपला.

रात्री वह्या.
'मुलाला काय वाटले असेल?'
संघपाल ओव्हाळने लिहिलेलं:
*माझी आत्या पैसे पदरात झेलायची.*
*एकदा रुपया गटारात गेला.*
*आत्या म्हणाली, नेम चुकला शेठचा.*
*ती हसली होती. मला काय वाटले ते*
*धड्यात आहे.*

लाल पेन उघडंच राहिलं.
सदाशिव पेठेत, आमच्या घरी,
झाडणाऱ्या बाईची दिवाळीची पोस्त
आई पायरीवर ठेवायची.
दार लोटून घ्यायची.
मी आतून ऐकायचे, नाणं उचलल्याचा आवाज.
इतकी वर्षं मी हा धडा शिकवतेय.

सकाळी त्याची वही बाकावर ठेवली नाही,
हातात दिली.
घेताना तो माझ्याकडे नाही,
माझ्या बोटांकडे बघत होता.